टॉवर स्पीकर घरात मांडताना: आधी जागा, मग पाय

टॉवर स्पीकरची, म्हणजे जमिनीवरच उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरची, जोडी घरी येते तेव्हा खोक्यात सोबत टोकदार स्पाइक, रबरी पाय आणि सूचनांचं एक पातळ पुस्तक असतं. पुस्तक बाजूला पडतं, स्पाइक लागतात, टीव्हीच्या दोन्ही अंगांना भिंतीला जवळजवळ टेकवून स्पीकर उभे राहतात. मग आठवडाभरात प्रश्न सुरू होतात: बेस घुमतोय, खाली ग्रॅनाइट घालू का? स्प्रिंगचे पाय मागवू का? माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा आहे. आवाज कसा येणार हे मुख्यतः स्पीकर कुठे उभा आहे आणि आपण कुठे बसलो आहोत यावर ठरतं. पायांचं काम त्याला तिथे पक्कं, सरळ आणि सुरक्षित उभं ठेवण्याचं. म्हणून पायांवर पैसे घालवण्याआधी एक सुट्टीची सकाळ मोजपट्टीसोबत घालवा.

लिहिताना नागपूरची घरं डोळ्यांसमोर आहेत: मनीषनगर-बेसा भागातले दोन बेडरूमचे फ्लॅट, धरमपेठ-लक्ष्मीनगरातले जुने बंगले, महाल-इतवारीतली लाकडी माडीची घरं. प्रत्येकाची जमीन वेगळी, खोलीचा आकार वेगळा. कूलर मात्र सगळीकडे आहे, आणि रोजचा ओला पोछाही. त्या दोघांचा विचार स्पीकरच्या सूचनापुस्तकात नसतो.

खोली मोजा आणि भिंत निवडा

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये लिहून घ्या. एक फूट म्हणजे ३०.५ सेंटिमीटर. आता १७२ ला प्रत्येक मापाने भागा. येणारा आकडा म्हणजे त्या दिशेने खोली ज्या सर्वांत खालच्या सुरावर घुमते तो सूर, हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं त्या मापात. (आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो, १७२ हे त्याचं निम्मं.) आपल्याकडचा १५ बाय १२ फुटांचा, १० फूट उंचीचा हॉल घेतला तर लांबीचा आकडा ३८, रुंदीचा ४७ आणि उंचीचा ५६ हर्ट्झ येतो. तिन्ही वेगवेगळे आहेत, हे चांगलं. दहा बाय दहाची बेडरूम आणि दहा फुटांचं छत असेल तर तिन्ही आकडे ५६ वरच येऊन बसतात आणि तबल्याचा डग्गा, बेस गिटार, सिनेमातले धमाके सगळे एकाच सुरात घुमायला लागतात. अशा खोलीत मोठे टॉवर स्पीकर आणूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. कोणताही पाय हे दुखणं बरं करत नाही.

भिंत निवडताना शक्यतो खोलीच्या रुंदीची, म्हणजे आखूड भिंत घ्या, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेने जातो आणि मागे-पुढे सरकायला जागा मिळते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही स्पीकरच्या बाजूला साधारण सारखी परिस्थिती हवी. फ्लॅटमध्ये हॉल आणि डायनिंग एल आकारात जोडलेले असतात. मग डाव्या स्पीकरशेजारी भिंत आणि उजव्या स्पीकरशेजारी मोकळी जागा, असं होतं. डावा जास्त बेस देतो, गायक मध्यभागी उभा राहत नाही. टीव्ही कुठेही असो, जिथे दोन्हीकडे सारखी भिंत किंवा सारखं मोकळं मिळतं ती बाजू निवडा.

मागच्या भिंतीपासून किती लांब?

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात मोठा फरक याच मापात दडलेला आहे.

खालचे सूर स्पीकरमधून फक्त पुढे जात नाहीत, ते चहूकडे पसरतात. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. वूफरच्या, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या पडद्याच्या, तोंडापासून भिंत जेवढी दूर, त्याच्या दुप्पट अंतर त्याने जास्त कापलेलं असतं. ते जास्तीचं अंतर एखाद्या सुराच्या निम्म्या तरंगलांबीएवढं भरलं की तो सूर उलटा होऊन येतो आणि मूळ सुराला खाऊन टाकतो. हिशेब सोपा आहे: ८६ ला वूफरच्या तोंडापासून भिंतीपर्यंतच्या अंतराने, मीटरमध्ये, भागा. येतो तो दबलेला सूर.

लक्षात घ्या, अंतर तोंडापासून मोजायचं आहे, पाठीपासून नाही. टॉवर पुढून मागेपर्यंत साधारण ३० सेंटिमीटर खोल असतो. आपण पाठ भिंतीपासून एक फूट सोडतो आणि ‘पुरेशी जागा सोडली’ म्हणतो. म्हणजे तोंड भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर. ८६ भागिले ०.६, म्हणजे १४३ हर्ट्झ.

आता हा १४३ काय आहे ते पाहा. काळी एक ही पुरुष गायकांची अगदी नेहमीची पट्टी. तिचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झवर येतो, तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा त्याच सुरावर लावलेल्या असतात, आणि खर्जाची तार निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झवर. म्हणजे एक फूट जागा सोडून ठेवलेला स्पीकर नेमका गायकाच्या ‘सा’च्या मुळाशी खड्डा पाडतो. ऐकणाऱ्याला कळतं की आवाज पातळ येतोय, गळ्याला भरीवपणा नाही, आणि तो अॅम्प्लिफायरला किंवा वायरला दोष देतो. टोन कंट्रोलने बेस वाढवूनही हा खड्डा भरत नाही, कारण पुढचा आवाज जेवढा वाढतो तेवढाच भिंतीवरून परतणाराही वाढतो. इलाज एकच, जागा बदलणं.

तोंड ७५ सेंटिमीटरवर आणलं, म्हणजे पाठीमागे दीड फूट सोडलं, की खड्डा ११५ हर्ट्झच्या आसपास सरकतो. तो काळी एकच्या मंद्र शुद्ध धैवतावर येतो. बागेश्री ऐकताना तिथे थोडं उणं जाणवू शकेल, पण षड्ज मोकळा होतो, आणि षड्ज तर पूर्ण मैफलभर वाजत असतो. ९० सेंटिमीटरवर खड्डा ९६ हर्ट्झवर जातो. १२० सेंटिमीटर जागा ज्यांच्याकडे आहे त्यांनी मात्र सावध राहावं, तिथे तो ७२ वर, खर्जाच्या तारेजवळ येतो. असं कोणतंच अंतर नाही जिथे काहीच दबत नाही. आपण काय ऐकतो त्याप्रमाणे खड्डा कुठे सोसायचा हे ठरवायचं. ख्याल, नाट्यगीत, भावगीत ऐकणाऱ्या घरासाठी मी ७५ ते ९० सेंटिमीटरच सुचवेन.

बाजूच्या भिंतीचा हिशेब थोडा निराळा, कारण ऐकणारा सरळ समोर नसून तिरका बसलेला असतो. तिथे एकच पथ्य पाळा: बाजूच्या भिंतीचं अंतर मागच्या भिंतीच्या अंतराइतकंच ठेवू नका. वूफरची जमिनीपासूनची उंचीही त्यांच्याशी जुळू नये. तिन्ही मापं वेगळी असली की खड्डे विखुरतात, एकमेकांवर चढत नाहीत.

मागच्या बाजूला पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याचं भोक, असलेला स्पीकर भिंतीजवळ चालत नाही आणि पुढे पोर्ट असलेला चालतो, असं दुकानात हमखास सांगतात. भिंतीमुळे बेस वाढतो तो दोन्हींत जवळजवळ सारखाच. मागच्या पोर्टला फक्त श्वास घ्यायला जागा लागते, आणि आपण वर सोडली त्यापेक्षा ती पुष्कळ कमी असते. जागेअभावी भिंतीजवळच ठेवावे लागले आणि बेस फार झाला तर पोर्टमध्ये फोमचा बोळा किंवा गुंडाळलेला स्वच्छ सुती मोजा सैलसर घालून पाहा. पैसा न लागणारा हा उपाय पुष्कळ घरांत चालून जातो.

बसायची जागा

सोफा भिंतीला टेकलेला असतो, ही प्रत्येक घरातली गोष्ट. भिंतीला टेकून बसलं की खोलीचे सगळे घुमणारे सूर कानाशी सर्वांत जोरात येतात. खोलीच्या बरोबर मध्ये बसलं की उलट, लांबीचा पहिला सूर जवळजवळ नाहीसा होतो. या दोन टोकांमध्ये, सोफ्यामागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्के पुढे, ही सुरुवातीची जागा धरतात. १५ फुटांच्या हॉलमध्ये ती ५.७ फूट येते. रोज सोफा तिथे ठेवायला घरातलं कुणी तयार होणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण दीड फूट जरी पुढे ओढता आला तरी फरक पडतो. ऐकण्यापुरती एक खुर्ची किंवा लोड-गादी पुढे टाकणं हा त्याहून चांगला मार्ग.

आपल्या १५ बाय १२ च्या हॉलचं पूर्ण गणित असं बसतं: स्पीकरचं तोंड स्पीकरमागच्या भिंतीपासून अडीच फूट, दोन स्पीकरच्या मध्यांमधलं अंतर साडेसहा फूट, म्हणजे प्रत्येकाचा मध्य बाजूच्या भिंतीपासून पावणेतीन फूट. ऐकणारा त्याच स्पीकरमागच्या भिंतीपासून ९.३ फुटांवर, म्हणजे प्रत्येक स्पीकरपासून साधारण साडेसात फुटांवर. पुस्तकात समभुज त्रिकोण सांगतात. हा त्याहून किंचित अरुंद आहे आणि गाण्यासाठी मला असाच आवडतो. बाजूची मोकळी जागाही त्यात वाचते.

सरकवा, ऐका, वळवा

या टप्प्यावर स्पाइक लावलेले नकोत. स्पीकरच्या तळाखाली जुनी चादर चौपदरी घालून ठेवा, म्हणजे टाइलवर तो न ओरखडता इंच-इंच सरकतो. सरकवताना धरायचं ते खालून. वरून ढकलला तर कलंडतो. वीस-पंचवीस किलोचा ऐवज असतो, दोघांनी मिळूनच करा.

काम भल्या सकाळी करा. कूलर बंद, पंखा बंद, रस्ता शांत. एप्रिल-मेमध्ये ही वेळ सहाच्या आतच सापडते.

आधी जोडणी तपासा: लाल वायर लालला, काळी काळ्याला, दोन्ही स्पीकरवर. एक जरी उलटी लागली तर बेस गायब होतो आणि गायकाचा आवाज खोलीभर पसरून कुठूनच येत नाहीसा वाटतो. मग एक साधं, एकाच गळ्याचं, जुनं मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारं) ध्वनिमुद्रण लावा. दोन्ही स्पीकर नीट असतील तर गायक बरोबर मध्यभागी, हवेत उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला सरकला असेल तर मोजपट्टीने दोन्ही स्पीकरचं कानापासूनचं अंतर पुन्हा मोजा. ते सेंटिमीटरपर्यंत सारखं हवं.

नंतर तंबोऱ्यासह विलंबित ख्याल लावा. खर्जाची तार जोडीपेक्षा फुगून येते का, की जोडीच बारीक वाटते, ते ऐका. तबल्यात डग्ग्याचा प्रत्येक घुमारा वेगळा कळला पाहिजे. सगळे एकाच सुरात ‘हुम्म’ करत असतील तर खोली बोलते आहे, डग्गा नाही. मग दोन्ही स्पीकर पाच-पाच सेंटिमीटर पुढे घ्या, पुन्हा ऐका. एका वेळी एकच माप बदलायचं आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवायचं. कान कशाशी ताडून पाहायचे हा प्रश्न असेल तर सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात एखादी मैफल पुढच्या रांगांत बसून ऐकून या. तंबोरा आणि गळा यांचं खरं प्रमाण कानात बसतं.

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी रूम ईक्यू विझार्ड हे मोफत संगणकीय साधन आहे, आणि मिनीडीएसपीचा यूमिक-१ सारखा मोजणीचा मायक्रोफोन त्याच्यासोबत चालतो. वर सांगितलेला खड्डा आलेखात डोळ्यांना दिसतो. मोबाइलचा मायक्रोफोन खालच्या सुरांसाठी भरवशाचा नसतो.

जागा ठरली की स्पीकर आत वळवण्याकडे या. अगदी सरळ ठेवले तर आवाजाचा पट रुंद होतो, मधला गायक सैल पडतो. तोंड थेट कानाकडे केलं तर गायक घट्ट उभा राहतो, पण काही स्पीकरमध्ये ‘स’, ‘श’ टोचायला लागतात. बहुतेक स्पीकर याच्या मधे कुठेतरी, दोन्हींचे अक्ष ऐकणाऱ्याच्या डोक्यामागे फूट-दोन फुटांवर छेदतील असे वळवल्यावर बरे वाटतात. दोन्ही सारखे वळले आहेत का हे पाहायला प्रत्येकाच्या मागच्या दोन कोपऱ्यांची भिंतीपासूनची अंतरं मोजून जुळवा.

उंचीकडे सहसा कुणी पाहत नाही. टॉवर स्पीकर बनवणारे सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान धरून ट्विटरची, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या पडद्याची, जागा ठरवतात, म्हणजे जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटर ते एक मीटर. आपल्याकडे भारतीय बैठक असते, आणि गादीवर मांडी घालून बसलेल्याचा कान ७५ सेंटिमीटरच्या आसपास येतो. ट्विटर ९५ वर आणि ऐकणारा अडीच मीटरवर असेल तर साडेचार अंशांचा फरक पडतो. बैठकीवरच ऐकायचं असेल तर स्पीकर मागून किंचित उचला. तळाची खोली ३० सेंटिमीटर असेल तर मागचे स्पाइक एक सेंटिमीटरने वर केल्यावर जवळपास दोन अंशांचा कल येतो. त्यापुढे जाऊ नका, तोल जातो. उरलेल्यासाठी जाड लोड खाली घ्या.

आता खालची जमीन पाहा

पाय कोणते हे जमीन ठरवते.

नव्या फ्लॅटमध्ये स्लॅबवर व्हिट्रिफाइड टाइल असते. टाइल कडक, पण ठिसूळ. स्पीकरच्या जागी नाण्याने ठोकून पाहा. कुठे पोकळ आवाज आला तर तिथे सिमेंट नीट भरलेलं नाही, आणि त्या जागी स्पाइकचं टोक टेकवणं म्हणजे तडा मागून घेणं. पंचवीस किलोचा स्पीकर चार टोकांवर उभा केला की एका टोकावर सहा किलोच्या वर भार येतो, आणि टोक एक चौरस मिलिमीटरचं धरलं तर दाब चौरस सेंटिमीटरला सहाशे किलोच्या पुढे जातो.

जुन्या घरांत शहाबादी किंवा कोटा फरशी, काही ठिकाणी मोझॅक. शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीचे दगड, म्हणून मऊ. लोखंडी स्पाइक त्यांवर कायमचा खड्डा करतो. शिवाय ही फरशी क्वचितच सपाट असते. काळ्या मातीवरच्या घरांत तर जमीन वर्षानुवर्षं हलते आणि एका बाजूला उतार येतो. तिथे कमीजास्त करता येणारे पाय हवेतच.

लाकडी माडीचा प्रश्न सर्वांत वेगळा. स्पीकरवर पाण्याने भरलेला पेला ठेवा आणि कुणाला खोलीतून चालायला सांगा. पाणी हललं तर जमीन हलते आहे, आणि स्पीकर वाजताना ती त्याच्यासोबत वाजणार. तिथे स्पीकर तुळया भिंतीत शिरतात त्या बाजूला ठेवा आणि खाली कंपन अडवणारे पाय घ्या. स्पाइक लावलेत तर जमिनीला आणखी वाजवाल.

पायांचे प्रकार आणि माझी पसंती

स्पाइकबद्दल एक समज पक्का बसलेला आहे, की ते स्पीकरमधली कंपनं जमिनीत ‘वाहून नेतात’ आणि परत येऊ देत नाहीत. टोकाला असा एकेरी रस्ता नसतो. टोकदार जोडणी कंपन दोन्ही दिशांनी नेते. स्पाइकचे खरे फायदे दोन: स्पीकर डुगडुगत नाही आणि प्रत्येक कोपऱ्याची उंची फिरवून जमवता येते. काँक्रीटच्या स्लॅबवर ते चांगलं काम करतात, फक्त प्रत्येकाखाली धातूची खोलगट चकती घ्या. ती स्पीकरसोबत नसेल तर वेगळी विकत मिळते. तोवर पाच रुपयांचं नाणं चालतं, पण त्याला खोलगा नाही, टोक घसरू शकतं. लहान मुलांच्या घरात नाण्यावर विसंबू नका.

रबरी पाय साधे आणि टाइलवर अगदी पुरेसे. ज्यांची टाइल सपाट आहे आणि खाली शेजारी राहतात त्यांनी याहून जास्त काही करायची गरज नाही. फिकट संगमरवरावर काळ्या रबराचा डाग उमटतो, तिथे खाली फेल्ट चिकटवा.

स्प्रिंग किंवा मऊ रबराचे कंपनरोधक पाय, जसे आयसोअकूस्टिक्सची गाया मालिका किंवा सॉर्बोथेनच्या गोळ्या, वजनाप्रमाणे निवडावे लागतात. स्प्रिंगचा नियम असा: स्पीकर ठेवल्यावर ती किती मिलिमीटर दबली ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. हा तिचा स्वतःचा डोलण्याचा सूर. चार मिलिमीटर दबली तर ८ हर्ट्झ, एकच मिलिमीटर दबली तर १६. या आकड्याच्या दीडपटीच्या वरची कंपनंच ती अडवू शकते. जड स्पीकरची स्प्रिंग हलक्या स्पीकरखाली लावली तर ती दबतच नाही, म्हणजे ती नुसती ठोकळा होऊन राहते. वूफर पुढे असल्यामुळे पुढच्या पायांवर भार जास्त येतो, हेही धरा. माडीच्या घरात मी हेच पाय घेईन. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये यांनी खालच्या शेजाऱ्याकडे जाणारा बेस थोडा कमी होईल, पण हवेतून आणि भिंतींतून जाणारा तसाच जाणार. रात्री दहानंतर आवाज कमी ठेवणं हाच तिथला खरा उपाय.

ग्रॅनाइटची लादी मला आपल्या शहरासाठी फार उपयोगी वाटते, आणि त्याचं पहिलं कारण पोछा आहे. बहुतेक स्पीकरचा तळ एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा. रोज ओल्या फडक्याचं पाणी त्याला लागलं की काही महिन्यांत कडा फुगतात, वरचं व्हिनिअर सुटतं. दोन सेंटिमीटरची लादी त्याला पाण्याच्या वर ठेवते, ओबडधोबड फरशीवर सपाट जागा देते आणि स्पाइकपासून जमीन वाचवते. ४० बाय ४० सेंटिमीटरच्या, दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याचं वजन साडेआठ किलोच्या आसपास भरतं. नवी लादी घ्यायची गरज नाही. ओट्यात सिंक बसवताना मधून कापलेला तुकडा ग्रॅनाइटवाल्याकडे पडून असतो. एकाच जाडीचे दोन मागा, कडा घासून गोल करून घ्या. लादीखाली तीन मिलिमीटरचं रबर किंवा फेल्ट पूर्ण अंथरा, नाहीतर दगडावर दगड खडखडतो. लादीवर स्पाइक लावणार असाल तर तिथेही चकत्या हव्यातच, लादी गुळगुळीत असते.

गालिचा स्पीकरच्या खाली नको. तो पुढे, स्पीकर आणि ऐकणारा यांच्या मधे अंथरा. जमिनीवरून उसळून येणारा वरचा सूर तिथे मरतो. जाड सतरंजी दुहेरी घातली तरी चालते.

पडण्याची गोष्ट गंभीरपणे घ्या

एक मीटर उंच, वीस किलोचा, तळाला वीस सेंटिमीटर रुंद स्पीकर बाजूने, अगदी वरच्या कडेला ढकलला तर तो कलंडायला लागायला फक्त दोन किलोचा जोर पुरतो. रांगतं किंवा धरून उभं राहणारं मूल सहज तेवढा जोर देतं. तळाला बाहेर आलेल्या धातूच्या दांड्या जोडून पायांमधली रुंदी ३२ सेंटिमीटर केली की हाच आकडा तीन किलोच्या वर जातो. हा खर्च मी कोणत्याही महागड्या पायापेक्षा आधी करेन. नुसती ग्रॅनाइटची लादी खाली सरकवून हा धोका कमी होत नाही, कारण स्पीकर लादीला जोडलेला नसतो, तो लादीवरूनच कलंडतो. लहान मुलं आहेत तोवर पाठीमागून कपाटासाठी मिळणारा पट्टा भिंतीला स्क्रूने बांधून ठेवा.

पाय लावणं आणि लेव्हल

स्पीकर आडवा करून, खाली गादी घालून, पाय लावा. स्पाइकवरचा नट सैल ठेवा. ठरलेल्या जागी उभा करा, डोक्यावर पाणसळ दोन्ही दिशांनी ठेवा आणि आधी तीन पाय जमवा. चौथा पाय शेवटी, जमिनीला हलकेच टेकेपर्यंत फिरवा. विरुद्ध कोपऱ्यांवर बोटाने दाबून पाहा, जरासुद्धा डुगडुगायला नको. मग नट पान्याने आवळा. सैल राहिलेला नट काही सुरांवर चक्क वाजतो आणि दोष वूफरवर जातो. महिन्याभराने एकदा परत आवळा.

कूलर, ऊन आणि खिडक्या

कूलरचा झोत स्पीकरवर येऊ देऊ नका. त्या हवेत ओलावा असतो, पाण्याचे बारीक थेंबही असतात, आणि कागदी कोन, एमडीएफचे सांधे दोघांनाही ते मानवत नाही. हॉलमध्ये कूलर एकाच खिडकीत बसतो, म्हणून स्पीकरची भिंत निवडतानाच ती खिडकी पाहून ठेवा. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर येणारं मे महिन्याचं ऊन व्हिनिअर फिकट करतं, तिथे जाड पडदा लावा. तो पडदा आवाजालाही मदत करतो.

टाळी वाजवून पाहा. ‘टर्रर्र’ असा फडफडता प्रतिध्वनी आला तर समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंती बोलत आहेत. एका भिंतीला पुस्तकांची उघडी मांडणी पुरते. बाजूच्या भिंतीवर मदतनिसाला आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात ट्विटर जिथे दिसेल तिथे पडदा, पुस्तकं किंवा जाड कापडी चित्र लावा. मग २० ते २०० हर्ट्झपर्यंत सरकत जाणारा सूर मध्यम आवाजात वाजवा आणि खोलीत फिरा. शोकेसची काच, अॅल्युमिनियमची सरकती खिडकी, कूलरचा पत्रा, देवघरातली घंटा, कुणीतरी खडखडणारच. जिथे खडखड सापडेल तिथे फेल्टचा तुकडा किंवा रबरी पट्टी अडकवा.

सगळं जमल्यावर प्रत्येक स्पीकरच्या पुढच्या दोन कोपऱ्यांशी जमिनीवर मास्किंग टेपचे बारीक तुकडे चिकटवा, आणि भिंतीपासूनची चारही मापं एका कागदावर लिहून स्पीकरच्या पाठीला लावून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत स्पीकर हलणारच, आणि टेपही निघून जाणार. कागद राहिला तर पाच मिनिटांत स्पीकर परत जागेवर उभा करता येतो.